मिस्तरीबापूंचा अंगठा

मिस्तरीबापूंच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं. जेवताना काळं, लग्नात अक्षता टाकतानाही काळं. शहाद्यापासून नवापूरपर्यंत कुणी परवानेवाला जुनी बंदूक घेणार असला, की ती आधी त्या अंगठ्यापुढे यायची. बापूंनी मान हलवली की माणूस पुढच्या कागदांना मोकळा.

आमच्या कळसाडीत उसात डुकरं शिरतात, म्हणून घरात राखणीची बारा बोर बंदूक. परवान्यावर माझंही नाव, त्यामुळे दुरुस्तीला मीच न्यायची. बापूंच्या बाकावर बसून बसून मी किती शिकले म्हणून सांगू! पहिलं, हत्यार रिकामं आहे का ते पाहायचं. बाजूला ठेवून चहा प्यायला, की पुन्हा पाहायचं. मी एकदा हसले तर म्हणाले, "वहिनी, मी च्या पी ऱ्हायनू तोवर तिनी काय करं, माले काय माहीत?"

चकचकीत हत्यार त्यांना आवडायचं नाही. कुणी पॉलिश मारून आणलं की विचारायचे, कोणत्या दोषावर पांघरूण घातलं भाऊ? रंग उडालेला चालेल, पण स्क्रूंची डोकी शाबूत हवीत, म्हणजे कुण्या अडाण्यानं ते उघडलेलं नाही.

आणि खंडेनवमीचं कुंकू! आपल्याकडे हत्याराला हळदकुंकू वाहतात, पण ते पुसायचं जिवावर येतं. वर्षानुवर्षं ते तेलात भिजून सांध्यांत बसतं आणि त्याच्याखाली गंज धरतो, तोही लालच. घरचे हात जोडतात, बापू नखानं खरवडायचे. बोटांत रगडलं की कुंकू पसरतं, गंज खरखरतो. कुंकू स्वतःच्या कपाळाला लावायचे आणि गंज मालकाला दाखवायचे.

पुढे माझी लेक ज्योती नेमबाजीत पडली. सुरतेकडची तिची नेमबाज मंडळी अमेरिकेतल्या गुराख्यांसारख्या रुंद टोप्या घालतात आणि जुन्या घाटणीच्या रिव्हॉल्वरनं लोखंडी पाट्या पाडतात. दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो, असलं रिव्हॉल्वर. टोपी पाहून बापूंनी विचारलं, तिकडे ऊन फार लागतं का? परवाना हातात होता, सामना महिन्यावर आला होता आणि धानोऱ्याच्या पाटलांकडे वडिलांच्या वेळचं एक विकाऊ निघालं. पाटील म्हणजे बापूंचे बालमित्र. ज्योतीनं तर फोटो पाहूनच ते आपलं मानलं.

आम्ही बापूंना घेऊन गेलो. पाटलांचे सगळे भाऊबंद ओसरीत जमले होते. बापूंनी ते रिकामं आहे ना पाहिलं, पुन्हा पाहिलं. नळी उजेडाकडे धरली, आतून स्वच्छ. गोळ्यांची चकरी फिरवली, डुलत नव्हती. नंबर सगळ्या सुट्या भागांवर एकच. ज्योतीचा चेहरा उजळत चालला. मग बापूंनी घोडा पूर्ण मागे ओढला आणि चापाला हात न लावता घोड्यालाच मागून अंगठ्यानं रेटा दिला. घोडा खट्‌कन पडला.

पुन्हा केलं, पुन्हा पडला. चाप न ओढता पडणारा घोडा म्हणजे नुसत्या धक्क्यानं सुटणारी गोळी, हे कुणाला सांगावं लागलं नाही. बापूंनी घोडा सुटा केला, ओढलेला घोडा जिच्यावर अडकून राहतो ती खाच खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहत उभे राहिले. पाटील म्हणाले, जुनं आहे, जरा घासून दे, चालेल. बापूंनी मान वर केली.

"हाई खाच मीच घासेल शे. तुन्हा बापले चाप हलका पाहिजे व्हता. चूक मन्ही शे." मग ज्योतीकडे वळले. "बेटा, हाई लेवू नको."

पाटील तडकले. आलेला चहा तसाच ठेवून आम्ही निघालो. गाडीत ज्योती मुसमुसत होती. बापू म्हणाले, आता मला कोण बोलावणार? मी म्हटलं, मी आहे ना.

ज्योतीचा त्या वर्षीचा सामना बुडाला तो बुडालाच. पुढे विसरवाडीजवळ बापूंनीच तिला दुसरं शोधून दिलं. रंग नाही, रूप नाही, पण ठणठणीत. मला मात्र त्यांचं दुसरंच काम आठवतं. तरुणपणी ज्या ज्या घरचे चाप त्यांनी हलके करून दिले होते, ती घरं त्यांनी आठवून आठवून कागदावर लिहिली आणि न बोलावता एसटीनं एकेका दारात जाऊन उभे राहिले. मी चुकलो असेन, दाखवा म्हणायचे. कुणी हसलं, कुणी दार लावलं. महिनाभरानं पाटलांनी आपली जीप काढली, म्हणाले, या वयात एसटीनं फिरतोस, लोक मला काय म्हणतील? पुढची घरं दोघं मिळून फिरले.

कागदावरची दोन घरं उरली होती, तेव्हा बापू गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांची जीप आमच्या दारात उभी राहिली. खाली उतरून त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. मी पायात चपला घातल्या आणि ज्योतीला हाक मारली.