रेखाच्या नावावर माझं बोट

"मशीनमध्ये काही फॉल्ट नाही, एवढंच लिहून द्या," मॅनेजर म्हणाले. "बाकी आम्ही बघतो."

मुलुंडला हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री आहे. तिथली हजेरीची बायोमेट्रिक मशीन आमच्या अंधेरीच्या कंपनीने बसवलेली. मी सर्व्हिस इंजिनीअर. मशीन बिघडली की मला पाठवतात. त्या दिवशी मात्र ती बिघडलेली नाही, हे सांगायला पाठवलं होतं.

टेबलासमोर वंदना जाधव उभी होती. आदल्या दिवशी कामावर येताना तिने बोट ठेवलं, तर मशीनने नाव दाखवलं रेखा कांबळे. रेखा रजेवर. वंदनाने पुन्हा बोट ठेवलं, तेव्हा तिचं स्वतःचं नाव आलं. मॅनेजरांचं म्हणणं, दोघींनी नोंदणीच्या वेळीच लबाडी केली. रेखाच्या नावावर वंदनाचं बोट चढवलं, म्हणजे रेखा नसली तरी तिची हजेरी लागावी. आता वंदनाला काढायचं होतं, आणि त्यासाठी माझी सही हवी होती.

"मी चोर नाय," वंदना मला म्हणाली. "राजीनामा पण देणार नाय. काय करायचं ते करा."

मी रेखाचा रेकॉर्ड उघडला. मशीन अख्खं बोट जुळवत नाही. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, त्या जागा टिपते आणि तेवढ्याच जुळवते. सोडा आणि गरम पाण्याने रेखाच्या रेषा पार झिजल्या होत्या. बोटाचा एक कोपरा काय तो उमटलेला. त्यात जुळवण्यासारख्या जागा अगदी थोड्या.

मग सेटिंग बघितलं, आणि डोकंच फिरलं. किती जुळलं की 'हाच माणूस' म्हणायचं, त्या मर्यादेला थ्रेशोल्ड म्हणतात. बायकांची बोटं मशीन घेत नाही, गेटवर लाइन लागते, अशी तक्रार आल्यावर आमच्याच ऑफिसने तो खाली आणला होता. आता एवढ्याशा तुकड्यावरही मशीन होकार देत होती.

आमच्या साहेबांना फोन लावला.

"सर, मॅच चुकीचा आहे. थ्रेशोल्ड आपणच पाडलाय."

"वैशाली, क्लायंट जाईल. मशीन ओके लिही आणि निघ."

"मशीन ओके नाहीये, सर."

"तू कंपनीची आहेस की त्या बाईची?"

"सही माझी आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅनेजर हसले. "थिअरी नको मॅडम. करून दाखवा."

मी माझीच बोटं ठेवायला लागले. उजव्या हाताची पाचही मशीनने नाकारली. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, नाही. मॅनेजर मोबाइल बघायला लागले. पण आता माघार कसली? करंगळीशेजारचं बोट तिरकं ठेवलं, नुसती कड टेकवली.

हिरवा दिवा. स्क्रीनवर रेखा कांबळे.

मग वंदना म्हणाली, "आता यांना पण काढा कामावरून."

"एखाद्या वेळी होतं असं," मॅनेजर पुटपुटले. मी बोट तसंच परत टेकवलं. परत रेखा. तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. चूक आमच्या कंपनीची, असं सरळ लिहिलं.

मॅनेजर वंदनाला म्हणाले, "जा, कामाला लाग."

ती हलली नाही. "चोर सगळ्यांसमोर म्हणालात ना? मग हे पण सगळ्यांसमोर सांगा."

खाली सगळ्या बायकांसमोर, वॉशिंग मशीनच्या घरघरीत, ते कसंबसं बोलले.

"ऐकू नाय आलं," वंदना म्हणाली. त्यांना परत सांगावं लागलं, मोठ्याने.

थ्रेशोल्ड वर गेला. ज्यांच्या रेषा झिजल्यात त्यांना हजेरीसाठी कार्ड मिळालं. क्लायंट काही गेला नाही. मला मात्र साहेबांनी फील्डवरून उचलून कस्टमर केअरच्या फोनवर बसवलं. बसले. तिथेही कोणी थ्रेशोल्ड खाली आणायला सांगितलं, की मी नाही म्हणते.

अर्धवट ठशावर मशीन सांगते तो अंदाज असतो. अंदाजाखाली मी सही करत नाही.