‘गंज’ लिहिलेली फळी

पत्नीला जाऊन तीन महिने झाले तेव्हा मी आमचं स्वयंपाकघर सुंदर करायला घेतलं. हे सांगितलं की लोक हळहळतात. त्यांना वाटतं, दुःख हलकं करायला माणसाने काढलेला हा एक मार्ग. खरं सांगायचं तर मी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात केली आहे आणि पसारा दिसला की वर्गवारी करायची, एवढी एकच कला मला येते. ती असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत या कलेला मज्जाव होता. एकदा मी डबे उंचीप्रमाणे लावले होते. ते तिने तासाभरात पूर्ववत केले आणि म्हणाली, “भांडे पाहाले नसते जी, रांधाले असते.”

आता अडवणारं कोणी नव्हतं. मी मोबाइलवर स्वयंपाकघरं सजवण्याचे व्हिडिओ पाहिले. पाहता पाहता वहीत टिपणंही काढली. मग जवळच्या कुडवा गावच्या सुताराकडून तीन उघड्या फळ्या ठोकून घेतल्या. पाणी भरायचा पितळेचा गुंड चिंचेने घासून खिडकीत ठेवला, सकाळचं ऊन त्यावर पडावं म्हणून. ताटं ताटाळ्यात मोठ्यापासून लहानापर्यंत उभी केली. ओट्याच्या वर एक दांडी बसवून तिला झारा, पळी, डाव, उलथनं अशी उंचीच्या चढत्या ओळीने टांगली. त्यातला झारा रोज पाणी प्यायला गेलो की कपाळावर लागायचा. तो काढून दुसरीकडे टांगावा, असं मला सुचलं नाही, कारण त्याने रांगेतली चढण बिघडली असती.

ज्या भांड्याला पोचा होता त्याचा पोचा भिंतीकडे केला. जळकी बाजू भिंतीकडे, वाकलेला काठ भिंतीकडे. समोरून बघणाऱ्याला सगळं घर नवं दिसावं, असा बेत होता. मधल्या फळीवर पाच गंज मांडले. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्या पाचांत तिचा रोजचा भाताचा गंज होता, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. त्याला मी बरोबर मध्ये बसवलं. हार घालायचा तेवढा बाकी राहिला होता.

या सगळ्या मांडणीत मी जेवत होतो मात्र मेसच्या डब्यातून. एक ताट, एक पेला. बाकीची भांडी पाहायला होती.

शेजारच्या वहिनी डोकावल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “भाऊजी, दुकान टाकलं का? उद्घाटनाले बोलवजा.”

मला त्यातली तारीफच तेवढी ऐकू आली.

मुलाला पुण्यात काळजी वाटत होती, म्हणून त्याने सुनेला आठवडाभर माझ्याकडे पाठवलं. ती सातारकडची. लग्नाला वर्ष झालेलं. त्याआधी ती आमच्याकडे दोनदाच आली होती, एकदा लग्नानंतर आणि एकदा तिच्या सासूच्या दिवसांना. दोन्ही वेळा स्वयंपाकघर नातेवाईक बायकांनी भरलेलं, त्यामुळे तिथलं तिला काही माहीत नव्हतं. आल्या आल्या तिने मेसचा डबा बंद केला आणि मधल्या फळीवरून सरळ मधला गंज उचलला. इतिहासाच्या दालनातली वस्तू कोणी खरोखरच वापरायला घ्यावी, तसं मला वाटलं. पण भूक होती. शेजारच्या वहिनींनी तिला आमच्यासारखा भात करायला शिकवलं, भरपूर पाण्यात शिजवून पेज गाळून काढायचा. इतक्या महिन्यांनी मी गरम भात जेवलो. दुसऱ्यांदाही वाढून घेतला. जेवण झालं की ती गंज घासून आणायची आणि मी तो पुसून, नीट फिरवून जागेवर ठेवायचो.

माझ्या कामात एक गोष्ट तेवढी उरली होती. चिठ्ठ्या. ग्रंथालयात फळीला चिठ्ठी नसली तर मला झोप यायची नाही. तिसऱ्या दिवशी मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि फळ्यांच्या कडांना चिकटवल्या. ताटे. वाट्या. डबे. गंज.

चौथ्या दिवशी दुपारी मी पुस्तकं बदलायला गेलो. परत आलो तर मधली फळी रिकामी होती. तिच्यावर फक्त माझी चिठ्ठी होती.

“बाबा, ते गंजलेले देऊन टाकले,” सून म्हणाली. “भंगारवाला दारातच आला होता, ‘टीना-टप्पर’ अशी आरोळी देत. बदल्यात त्यानं हे दिलं.” कप टांगायचा एक स्टीलचा स्टँड तिने माझ्यापुढे धरला. “तुम्हाला मांडायला आवडतं ना, म्हणून घेतला.”

“गंजलेले कोणते?”

“तुम्हीच चिठ्ठी लावलीत की. गंज.”

मी खुर्चीवर बसलो. “बेटा, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.”

तिने स्टँड ओट्यावर ठेवला आणि हळू म्हणाली, “ॲल्युमिनियमला गंज कुठं चढतो, असं मनात आलं होतं. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर माझंच चुकत असेल असं वाटलं. आणि मी रोज त्यात भात लावत होते. तोंडानं सांगायला बरं वाटेना म्हणून तुम्ही चिठ्ठी लावलीत, असं समजले मी.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळा जन्म मी लोकांना सांगत आलो की छापील, लिहिलेल्या शब्दावर भरवसा ठेवा. ठेवणारी एकच भेटली आणि तिला मी रडवलं.

स्टँड पायाशी ठेवून मी स्कूटर काढली. त्या भंगारवाल्याचं दुकान दूर नव्हतं. आवारात एक माणूस दगडावर जर्मनची भांडी ठेवून मोगरीने चेपत होता. चेपली की गाडीत जास्त मावतात. दारात खाटेवर दुकानाची मालकीण बसली होती.

“काय पायजे, गुरुजी?”

“एक गंज. आज दुपारी आमच्या घरून आला, चुकून.”

तिने मागच्या ढिगाकडे मान वळवली. “इथं गंजच गंज आहेत. कोन्ता?”

“जर्मनचा. मध्यम.”

“मध्यम तं तुमीबी आहा. काही निशानी सांगा ना.”

मी ढिगापुढे उभा राहिलो. तीसेक गंज असतील, सगळे काळसर, सगळे गोल. एकतीस वर्षं मी त्या गंजातला भात जेवलो. आणि गेले चार दिवस तर रोज तो पुसत होतो. त्याचा काठ कसा, बुडाला काय, मला काही आठवेना. चांगली दिसणारी बाजू तेवढी आठवत होती आणि चांगल्या बाजूने ते सगळे सारखेच होते. मागे मोगरी वाजत होती.

“काऊन, घरचा गंज ओळखू येत नाही का?” ती म्हणाली. रागाने नाही, तिला खरंच नवल वाटलं होतं. मग ती त्या माणसाला म्हणाली, “अरे, थांबून राह्य जरा. गुरुजी आठवून राहिले.”

शेवटी मी सुनेला फोन लावला. तिने चार दिवस तो वापरला होता.

“काठ बघा बाबा,” ती लगेच म्हणाली. “एका जागी दाबून चोचीसारखा केलाय. पेज काढताना तिथूनच ओतायची. एक थेंब बाहेर सांडत नाही. आईंनी मुद्दाम केला असणार.”

वाकलेला काठ. तो मीच भिंतीकडे करून ठेवला होता.

आता एकेका गंजाच्या काठावरून बोट फिरवत गेलो. चेपायच्या रांगेत, दगडापासून तिसरा, तो सापडला. बोट त्या चोचीत बरोबर बसलं. मालकिणीने स्टँड परत घेतला, त्याच्यामागे रांगेत असलेले आमचे बाकीचे चार गंजही उचलून दिले आणि बजावलं, “आता घरी बाईले विचारूनच काही ठेवत जा.” मी हो म्हणालो. घरी विचारायला कोण आहे, ते तिला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी सुनेने त्याच गंजात भात केला. पेज काढताना मला ओट्याजवळ बोलावून तिने ती चोच दाखवली.

“कशानं दाबला असेल हो? बत्त्यानं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “कधी विचारलं नाही.”

ती पुण्याला गेल्यावर चिठ्ठ्या मी ओलं फडकं लावून काढल्या. मेसचा डबा पुन्हा सुरू केला नाही. भात मीच करतो. दोन फडक्यांनी गंज धरून पेज काढतो आणि ती अजून ओट्यावर सांडते, कधी चार शितंही जातात. चोच आपलं काम चोख करते. गडबड धरणाऱ्याची आहे. झारा मात्र अजून कपाळाला लागतो.