भाऊजींचा ढग

'आज हवा बरी आहे' या वाक्याला सरळ उत्तर देऊ न शकणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो आमच्याच घरात निघावा! माझे धाकटे दीर. २००९च्या मंदीत त्यांची नोकरी गेली, तेव्हा ते आयर्लंडमध्येच क्लोनडॉकिनला, आमच्या घरातल्या लहान खोलीत राहायला आले. इथे राहायचं परमिट नोकरीवर टेकलेलं. लवकर दुसरी मिळाली नाही तर पुण्याला परत. पण चिंता मी करायची. भाऊजी हवामानाच्या शब्दांची कुळं शोधत बसायचे.

आयर्लंडमध्ये भेटलेला माणूस आधी हवेवर बोलतो. आपण 'ग्रँड', म्हणजे 'छान', म्हणायचं आणि वाटेला लागायचं. भाऊजी थांबत. एकदा कचऱ्याचा डबा बाहेर नेताना शेजारच्या म्हाताऱ्या बाई आभाळाबद्दल काही बोलल्या. झालं. 'स्काय' हा शब्द मूळचा नॉर्स लोकांचा, तिकडे त्याचा अर्थ ढग, डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये आजही ढगच. इंग्रजांनी मान वर केली, ढगापलीकडे काही दिसेना, म्हणून त्यालाच आकाश म्हणू लागले, असं भाऊजींचं स्वतःचं अनुमान. तेवढ्यात कचऱ्याची गाडी येऊन गेली. दोन्ही डबे भरलेलेच राहिले, बाई मात्र खूश.

ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या एका कंपनीत पहिली मुलाखत होती, तिच्याआधी मी बजावलं, "भाऊजी, हवेचा विषय निघाला तर 'ग्रँड' म्हणा आणि तोंड मिटा." त्यांनी ऐकलं. उमेदवार फारच अबोल वाटला, असं कळवून त्या लोकांनी नकार दिला. दुसरी मुलाखत दुसऱ्या कंपनीत, तिच्याआधी मी काही बजावलं नाही. संध्याकाळी ते ओल्या कोटानं दारात उभे.

"वहिनी, बोललो मी."

"किती?"

"ढगापासून सगळं."

मी मनातल्या मनात माळ्यावरच्या बॅगा काढल्या. पण ऐकणारा साहेब म्हणे उठून खिडकीशी गेला, भाऊजींनाही बोलावलं, आणि मग कामाच्या गप्पा दोघांनी तिथेच उभ्यानं केल्या. आठवड्यात नोकरी पक्की झाली. भाऊजी ऑफिसजवळ राहायला गेले. घर आटोपशीर झालं, कामं वेळेवर होऊ लागली.

परवा मी डबा बाहेर नेत होते. ढग फाटून मधे निळं दिसत होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा तो माणूस कुठे असतो हल्ली? ढगाला स्काय म्हटलं, तर त्या निळ्याला ते लोक काय म्हणतात?"

मी खिशातून फोन काढला. तिथूनच भाऊजींना लावला.

"हिमेल," भाऊजी म्हणाले. "वहिनी, वेळ आहे ना?"

मी डबा खाली ठेवला. गाडी आली, गेली. आम्ही दोघी वर बघत होतो.