गुलाबराव मिस्तरी आणि कासवाचं घर

जळगाव जामोदात गुलाबराव मिस्तरीच्या हातच्या भिंती कमी नव्हत्या. शाळेची एक खोली, वस्तीतल्या बुद्धविहाराचा ओटा, बाजारातली चार-पाच दुकानं. मालकानं बोट दाखवायचं आणि गुलाबरावानं ओळंबा सोडायचा, असा तीस वर्षांचा शिरस्ता. लेक वरवट बकालला दिलेली, मुलगा शेगावला नोकरीला. घरात तो आणि सिंधूताई, दोघंच.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातल्या नर्सबाई, पुष्पाबाई, यांची शेगावला बदली झाली. त्यांच्या घरातली चूल पाडायला गुलाबराव गेला आणि येताना घमेल्यात कासव घेऊन आला. बाईंच्या रेल्वेतल्या भावानं ते गुजरातेतून आणलेलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखी नक्षी. शेगावात बाईंना माडीवरची एकच खोली मिळाली होती आणि जिन्यावरून गडगडलं तर कासवाचं काय, हा त्यांना घोर.

सिंधूताईनं घमेल्यात डोकावलं. "अवो, चूल पाडाले गेलते ना तुमी? हे काय उचलून आनलं?"

"पाव्हना हाय. भाजीपाला खाते फक्त."

"पाव्हना हाय तं जाईन कधी?"

गुलाबरावानं अंगणाच्या कोपऱ्यात तुरीच्या वाळक्या काड्यांचं, तुराट्यांचं, कुंपण करून पाहुण्याला आत सोडलं.

पाहुण्याला ते मुळीच मानवलं नाही. सकाळपासून ते तुराट्यांच्या फटीत तोंड खुपसायचं आणि पायांनी माती उकरत पुढे रेटायचं. दमलं की थांबायचं, पुन्हा रेटायचं. तीन दिवस हेच. सिंधूताईनं आणलेल्या तांदुळज्याकडेही धड पाहीना.

"काऊन असं करून राह्यलं हे?" ती म्हणाली.

गुलाबरावानं विडी विझवली आणि निदान केलं. "एकटं हाय बिचारं. सोबत पायजे त्याले."

सोबत कुठून आणायची? वरवट बकालला मोतीरामची विहीर होती. तिचं दगडी काम गुलाबरावानंच केलेलं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मोतीरामनं तिच्यात कासवं सोडली होती. लेकीला भेटून येतो म्हणून गुलाबराव गेला. मोतीरामनं टोपली विहिरीत सोडून एक कासव वर काढलं, ओल्या पोत्यात गुंडाळून दिलं. एस.टी.त सगळा रस्ताभर ते पोतं गुलाबरावाच्या मांडीवर वळवळत होतं.

नव्या पाहुण्याला पाणी लागणार, म्हणून त्यानं कोपऱ्यात हातभर खोल हौद खणला, विटा लावून सिमेंट केलं, पाणी भरलं. विहिरीचं कासव जे डुबकी मारून तळाशी गेलं, ते वर यायचं नावच घेईना. चांदणीवालं मात्र डुलत डुलत काठाशी गेलं, मान लांब करून आत पाहिलं, आणि धप्पकन पाण्यात पडलं.

सिंधूताई भांडी घासत होती. राखेच्या हातानंच धावली. बाहेर काढलं तेव्हा कासवाची मान लोंबत होती. तिनं त्याला तोंड खाली करून धरलं, हलवलं, तोंडातून पाणी गळलं. बऱ्याच वेळानं एक पाय हलला.

"याले पवता येत नाई!" ती कासव पदरानं पुसत खाली बसली. "कासव असून पवता येत नाई याले! आन् तुमी सोबत कराले निंगाले! ते पान्यातलं, हे जमिनीवरचं. माशाची न् कोंबडीची सोयरीक जमवता काय?"

दुसऱ्या दिवशी विहिरीचं कासव विहिरीत गेलं, हौद मातीनं बुजला, आणि रविवारी मिस्तरी शेगावच्या गाडीत बसला. मुलाकडे नुसता चहा घेतला आणि थेट पुष्पाबाईंची माडी गाठली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हौदाचं ऐकताना कपाळाला हात लावला.

"अहो मिस्तरी, ते काय गायीगुरांसारखं कळपातलं आहे का? सहा वर्षं माझ्याकडे एकटंच होतं, मजेत. मलाही एकदा तुमच्यासारखंच वाटलं होतं. भावानं दुसरं आणून दिलं, अगदी याच्याच जातीचं. दोघंही नर निघाले. दिवसभर टकरा! एकदा मी कामावरून आले तर हे उन्हात उताणं पडलेलं, पाय झाडत. जरा उशीर झाला असता तर गेलंच होतं. दुसरं परत पाठवलं."

"मंग मादी आनली तं?"

"एकच आणली तर तिच्या मागे लागून तिला जेवू देणार नाही, असं भाऊ म्हणाला. दोन-तीन आणाव्या लागतील. आहे तेवढी जागा?"

गुलाबरावानं मनातल्या मनात अंगण मोजलं. मग म्हणाला, "पन मंग ते भायेर जाले काऊन पाह्यते?"

"कुंपण कशाचं केलंत?"

"तुराट्याइचं."

"फटी आहेत ना? पलीकडचं दिसतं, म्हणून रेटतं. दिसलं नाही तर कशाला रेटेल?"

परतीच्या गाडीत तो स्वतःशीच हसत होता. एवढा भिंती बांधणारा माणूस, आणि पाहुण्याला ठेवलं तुराट्यांत!

पण यावेळी त्यानं थापीला लगेच हात लावला नाही. कुंपण काढलं, कासवाला अंगणभर मोकळं सोडलं, आणि आठ दिवस काम नसेल तेव्हा ओट्यावर बसून नुसतं पाहत राहिला. सकाळी ते कडुनिंबाच्या पूर्वेला उन्हात जाऊन बसे. ऊन चढलं की बाजेखाली. ओल्या न्हाणीकडे ढुंकून पाहत नसे. बाजेपेक्षा उंच असलेल्या छपरीत एकदाही गेलं नाही. गुलाबरावानं बाजेची उंची वितीनं मोजली.

"काय पाह्यता एवढं?" सिंधूताईनं विचारलं.

"ज्याले राह्याचं हाय, त्याले इचारून राह्यलो."

मग बांधलं. दोन हात उंच, फट नसलेली विटांची भिंत. उकरून पळू नये म्हणून पाया हातभर खोल. निंबाची पूर्व बाजू आत घेतली. एका टोकाला कवेलूंचं छप्पर, बरोबर बाजेच्या उंचीचं, खाली कोरडी माती. पाण्यासाठी पसरट मातीचं परळ, पाय बुडतील एवढंच खोल. वस्तीतली माणसं कामाला जाता-येता थांबून हसत. गुलाबराव विटेवर वीट ठेवत राहिला.

कासवानं भिंतीला धरून एक फेरी मारली, छपराखाली गेलं आणि पाय आत ओढून बसलं. रेटारेटी संपली. दुसऱ्या दिवशी सिंधूताईच्या हातातलं जास्वंदाचं फूल त्यानं देठासकट खाल्लं. ती मात्र हौदाचा दिवस विसरली नव्हती. परळातलं पाणी रोज बोट बुडवून पाहत असे.

त्याच महिन्यात भगवानरावांच्या घरी काम निघालं. मोठे शेतकरी, स्वयंपाकघर वाढवायचं होतं. त्यांनी अंगणात उभं राहून काठीनं सांगितलं, इथे चूल, इथे खिडकी, इथे फळी. एरवी गुलाबरावानं सुतळी ताणली असती. आज तो तसाच उभा राहिला.

"मालक, जरा वैनीले बोलवा ना."

"तिले काय इचारता?"

"दिवसभर आत त्याइले राह्याचं हाय ना."

भगवानराव हसले, पण हाक मारली. गीताबाई पदर सावरत दारात आल्या. आधी त्यांना वाटलं, चहा हवा असेल. विचारल्यावर गोंधळल्या, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग एकदा बोलायला लागल्या त्या थांबेनात. खिडकी गोठ्याकडे हवी, म्हणजे म्हैस सुटली तर दिसेल. चूल दारासमोर नको, वाऱ्यानं धूर डोळ्यांत येतो.

"आन् फळी खाली घ्या, भाऊ. आता हाय ते लय उच्ची हाय. आठ वर्सं झाले, डबा काढाले पाटावर चढतो मी. दोनदा पडली."

ती फळी आठ वर्षांपूर्वी गुलाबरावानंच बसवली होती.

तो आत गेला, फळीकडे पाहिलं, खिशातून खडू काढला. "वैनी, हात वर करा बरं," म्हणाला, आणि त्यांचं बोट जिथे टेकलं, तिथे भिंतीवर रेघ ओढली.