दसऱ्याचा तो फोटो

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे मला जितक्या जणांनी ऐकवलं, तितक्यांनी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना 'बाबांनो, ट्रॉलीला दिवा लावा' एवढं ऐकवलं असतं, तर माझ्यावर ती पायरी चढायची वेळच आली नसती. पण आपल्याकडे रीतच तशी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी दूध घालणारी बाई. घोडेगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे. दारात म्हशी आणि नवरा नगरला एमआयडीसीत कामाला. पहाटेचं दूध डेअरीला पोचवायचं काम आधी दिराकडं होतं, पण पहाटे उठायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. रोज उशीर, रोज दूध नासल्याची बोलणी. शेवटी मीच नवऱ्याच्या मागं लागून मोटरसायकल शिकले. साडीवर त्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. डेअरीपुढच्या रांगेतले बाप्ये म्हणायचे, "आल्या बघा फौजदारीणबाई." मी म्हणायचे, "व्हय, आले. सरका, न्हाईतर आत टाकीन." मला ती गाडी लई आवडायची. लग्नानंतर एवढं मोकळं मला दुसऱ्या कशावरच वाटलं नव्हतं, हे खरं सांगते.

ऊसतोडीचे दिवस होते. धुकं होतं, म्हणून मी हळूच चालले होते. शेतातल्या वाटेनं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून एकदम डांबरीवर आला. दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. मी हॉर्न वाजवला, पण त्यानं टेपवर गाणं एवढं मोठ्यानं लावलं होतं की ऐकू जाणार कसं? मागची ट्रॉली वळताना माझ्यावर आली. गाडी एकीकडं, कॅन दुसरीकडं आणि मी ट्रॉलीच्या चाकापाशी, पाय गाडीखाली अडकलेला. चाक माझ्या डोक्यापासून हातभर लांब थांबलं. ड्रायव्हर उडी मारून पळून गेला आणि गाणं तसंच चालू राहिलं. लोक येईपर्यंत मी त्या चाकाकडं बघत पडून होते आणि डोक्यावर ते लग्नातलं नाचायचं गाणं वाजत होतं.

खांद्याचं हाड मोडलं होतं आणि पायाचंही. ती जुळली. डॉक्टर म्हणाले, झकास जुळली. गाव म्हणालं, "बाईमानसानं गाडी चालवली की असंच व्हायचं." आता ह्याला काय म्हणावं? ट्रॅक्टर काय बाई चालवत होती का? पण नाही, पळून गेला त्याचं नाव नाही आणि पडली तिच्या नावानं शिमगा.

हाडं जुळली, पण मी काही जुळले नाही. कुणाच्याही मोटरसायकलीकडं नुसतं बघितलं तरी तळहाताला घाम सुटायचा. ट्रॅक्टर लांबून गाणी वाजवत यायला लागला की मी हातातलं काम टाकून गोठ्यात पळायचे आणि थोरल्या म्हशीच्या गळ्याला मिठी मारून उभी राहायचे. तो वस्तीपुढच्या पुलापलीकडं गेला की बाहेर. सासूनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, मी पडले त्या वळणावर भाकरीचा उतारा टाकला. गुण आला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता चाळे पुरे कर." नवऱ्यानं गुपचूप नगरला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. जाताना बजावलं, "कोनाला सांगू नको. येडी झाली म्हनतील." त्या डॉक्टरबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ही जखमच आहे. दिसत नाही एवढंच."

त्यांच्या त्या एका वाक्यावर मी हट्टाला पेटले. ट्रॅक्टरच्या विमा कंपनीचं ऑफिस नगरला, म्हणून भरपाईचा दावाही नगरच्या कोर्टात लावला. माझी वकील तरुण मुलगी होती, माझ्यापेक्षा लहान. तिला म्हटलं, "हाडांचं लिहा, पण भीतीचंही लिहा. वेगळं लिहा." ती म्हणाली, "ताई, ते सिद्ध करणं अवघड असतं." म्हटलं, "असू द्या." मला पैसा नको होता असं नाही, पैसा कुणाला नको? पण मी नाटक करत नाही, हे कुणीतरी खुर्चीवर बसून सांगावं, एवढं मला पाहिजे होतं. घरात नाही, गावात नाही, तर निदान तिथं तरी.

आणि मग तो दसरा आला.

गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन नुकतीच घरी आली होती. आमच्याकडं ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं. दीर विळे-कुऱ्हाडी पुजतो, नवरा कामावरचे पाने पुजतो. गाडीवर पोट भरत होते मी, तेव्हा गाडी मी पुजायची. सासूबाईंनी झेंडूचा हार आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "पूज आन् बस तिच्यावर. हत्याराला भ्यायलं की हत्यार रुसतं." मी म्हटलं, पूजा करते, बसत नाही. त्या म्हणाल्या, "सनासुदीला आडू नगं." नवरा आपले पाने पुसत राहिला. दिरानं गाडी डबल स्टँडवर लावली आणि मला हाताला धरून बसवलं. सासूबाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "हास की जरा. सनाचं तोंड पाडून बसू नगं." मी हसले. दिरानं फोटो काढला आणि तिथल्या तिथं स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'वहिनी इज बॅक.'

त्याच्यापुढं काय झालं ते फोटोत नाही. ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं, माझ्या वकिलालासुद्धा नाही.

फोटो मात्र पुढं गेला. कंपनीचा माणूस चौकशीला गावात येऊन गेला होता, तेव्हा गावातल्याच कुण्या भल्या माणसानं तो त्याच्या मोबाईलवर पाठवून दिला. कोण ते मला आजही माहीत नाही. कळलं असतं तर त्याच्या दारात जाऊन विचारलं असतं, बाबा, तुला त्यातनं काय मिळालं? चहा तरी पाजला का त्यांनी?

माझी उलटतपासणी झाली तेव्हा कंपनीच्या वकिलानं तो फोटो माझ्यापुढं धरला. आधी हाडांचे एक्सरे बाजूला सारले आणि म्हणाला, "हाडाचा एक्सरे आहे, मनाचा नाही. बरोबर?" मग फोटो. "ह्यात तुम्हीच आहात?" हो. "गाडीवर बसला आहात?" मी म्हटलं, "साहेब, ती स्टँडवर…" तो म्हणाला, "हो की नाही, एवढंच सांगा." हो. "हसताय?" हो. तो खाली बसला. हो म्हणण्याशिवाय मला काही बोलूच दिलं नाही. माझी तीनही उत्तरं खरी होती आणि तीनही मिळून साफ खोटं झालं. त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या रसवंतीपाशी उभी राहून मी एवढी रडले की रसवाल्यानं पैसे घेतले नाहीत. रागानं रडत होते, दुःखानं नाही. ते त्याला काय कळणार!

मग लोकअदालतीत तडजोडीचं बोलणं निघालं. कंपनी म्हणाली, हाडांचं देतो, मनाचा मुद्दा सोडा. नवरा म्हणाला, "घे. मोकळी हो. तुझ्या भ्याचं काय लोणचं घालायचंय?" मी म्हटलं, "लिहून द्यायचं की मला काहीच झालं नाही? मग मी गोठ्यात कशाला पळते, म्हशीची पापी घ्यायला?" सही केली नाही. घरी पंधरवडाभर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

वकील म्हणाली, आता घरातला एक साक्षीदार पाहिजे, ज्यानं तुमचं वागणं रोज बघितलंय. नवऱ्याला रजा मिळेना. दीर म्हणाला, मी त्या फोटोचा मालक, मला फाडून खातील. राहता राहिल्या सासूबाई. मला 'चाळे पुरे कर' म्हणणाऱ्या. मी वकिलाला म्हटलं, "गेला दावा. ही बाई माझ्या बाजूनं कशाला बोलेल?" तरी एसटीनं त्यांना घेऊन गेले. अख्खी वाट त्या पिशवीत बांधून आणलेली भाकरी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं त्यांनाही तोच फोटो दाखवला. "आजी, ही तुमची सून?"

"व्हय."

"गाडीवर बसलीये?"

"व्हय."

"हसतेय?"

"व्हय." आणि तो बसायला वळला, तशा सासूबाई कडाडल्या, "आरं थांब की! हसाया मीच लावली हुती तिला."

वकील म्हणाला, "विचारलं तेवढंच बोला."

"तू इचारलं ते सांगितलं. आता त्यास्नी सांगते." त्यांनी जजसाहेबांकडं तोंड वळवलं. साहेबांनी हात वर करून वकिलाला थांबवलं आणि म्हणाले, "बोला, आजी."

"मी बळंच बसवली तिला. पोरगं फोटू काढून झाल्यावर म्हनलं, चालू करून दावतो, आन् त्यानं किक मारली. गाडी नुसती थरथरली, जागची हालली बी न्हाई. तर ही मुतली. नव्या साडीत, सनाच्या दिशी. गाडीवरनं खाली धार लागली. मी साडी धुतली, सीट धुतली, आन् घरात कोनाला बोलू दिलं न्हाई. लाज वाटली म्हून. साहेब, मानूस नाटक करतंय तर आसं करतंय व्हय?"

टाईप करणाऱ्यानं मान खाली घालून टाईप केलं. माझी वकील माझ्याकडं बघत होती आणि मला वाटत होतं जमीन दुभंगावी. नगरच्या भर कोर्टात, सगळ्या परक्या पुरुषांपुढं, माझी साडी फेडल्यासारखं झालं होतं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटूनच पडले. "सांगायची काय गरज होती? तेवढंच राहिलं होतं का?"

त्या म्हणाल्या, "मंग काय करू? तो तुला हसती म्हनत हुता. ते हासू माझं हुतं." आणि भाकरी सोडून माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. थोड्या वेळानं घेतली.

निकाल लागला. त्यात भीतीचं वेगळं लिहिलं आहे, वेगळी रक्कमही आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी आकडा विचारला आणि म्हणाल्या, "एवढंच? घोडेगावच्या बाजारात एक म्हस बी यायची न्हाई." खरंच यायची नाही. पण माझा राग आकड्यावर नाही. डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं होतं, मी स्वतः शपथेवर सांगितलं होतं, त्यानं भागलं नाही. मी सणाच्या दिवशी अंगावर मुतले, हे भर कोर्टात सांगावं लागलं, तेव्हा कुठं माझी भीती खरी ठरली. जिच्या घरात असं सांगणारं कुणी नाही, तिनं काय करायचं? तिच्या हसण्याचा फोटो दाखवतील आणि मोकळे होतील.

गाडी मी अजून चालवत नाही. दूध दीर नेतो, मुकाट्यानं आणि वेळेवर.

ह्या वर्षी ऊसतोड सुरू झाली. परवा सकाळी ट्रॅक्टर यायला लागला, दणादण गाणं लावून. मी हातातलं शेण टाकून गोठ्यात पळाले. म्हशीच्या गळ्याला धरून उभी होते, आणि गाणं जवळ यायच्या ऐवजी एकदम थांबलं. दाराच्या फटीतून बघितलं, तर सासूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या. पदर खोचलेला, एक हात वर.

ड्रायव्हर ओरडत होता, "आजी, मरायचंय का? गानं बंद केलं, आता तरी सरका की! काय झालं काय?"

आणि त्या सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझी सून भेती."