घरपोच मतदान

आईने या वेळी घरूनच मत द्यायचं ठरवलं तेव्हा मी वैतागलो. पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांचं मत घ्यायला निवडणुकीची माणसं घरी येतात हे खरं, पण आमची आई अजून डोक्यावर सरपण आणते.

"तुला काय धाड भरलीय? चालत जाऊन दे की मत."

"तू फारम भर," ती म्हणाली. "येऊ दे त्यास्नी हितवर."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाकव्याच्या वर आमची वाडी. गाडी ओढ्यापाशी थांबते, पुढे पाऊण तास चढण. या रस्त्याचा नारळ आजवर तीन पुढाऱ्यांनी फोडला. माणसं तीनच, पण त्यांचे पक्ष पाच झाले. इकडून तिकडे जायला त्यांना रस्ता लागत नाही. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते खाली थांबलेल्या दवाखान्याच्या गाडीपर्यंत पोचलेच नाहीत. तेव्हापासून आईला सरकारकडून हा रस्ता हवा आहे, दुसरं काही नको. मी लोणावळ्याला हॉटेलात नोकरीला. सुट्टीला आलो की अर्ज लिहायचो, ती अंगठा द्यायची. उत्तर एकदाही आलं नाही.

ठरल्या दिवशी चारजण आले. साहेब, मदतनीस, पोलीस आणि कॅमेरावाला. साहेब घामाने निथळत होते. आईने गूळपाणी दिलं.

"गाडी कुटं लावली?"

"ओढ्यापाशी, मावशी. वर रस्ताच नाही."

"न्हाई व्हय? लय नारळ फुटलं, म्हणून इचारलं."

कॅमेरावाला हसला. साहेबांनी पाहिल्यावर थांबला. मग पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला, मला बाहेर काढलं, आईने मत दिलं. कुणाला, ते मी विचारलं नाही. उमेदवारांत नारळवाले दोघे होतेच.

निघताना साहेबांच्या पायात गोळा आला. दोन पावलं टाकून ते ओट्यावर बसले.

"मावशी, खाली जायला काही सोय आहे का?"

आई आत गेली आणि भिंतीशी उभी केलेली खाट एकटीने ओढत बाहेर घेऊन आली.

"हाय की. चार माणसं बलवावी लागतील. आमचं मालक हिच्यावरनंच गेलं."

कुणीच हसलं नाही. मला मात्र रडू फुटलं, कारण ती चेष्टा करत नव्हती. आमच्या वाडीला तेवढीच सोय आहे.