बारा फुटी मशीन आणि गायकवाड काकांचं टेबल

शेवटचा नट आवळला आणि लक्षात आलं की मी चुकीच्या बाजूला उभी आहे. पाठीला भिंत, पोटाला मशीनची फ्रेम, मध्ये जेमतेम फूटभर जागा. डावीकडे सहा इंचांची फट, उजवीकडे सहा इंचांची. त्यातून माझा हात बाहेर जात होता, मी जात नव्हते. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"शीतल, झालं का?" आमचे तावडे सर.

"फ्रेम उभी राहिली, सर."

"मग पटापट आटप आणि निघ. डोंबिवलीचा कॉल पेंडिंग आहे."

"निघायलाच बघतेय, सर."

मी शिलाई मशीनची इन्स्टॉलेशन इंजिनियर. राहायला कळव्याला, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतची कामं माझ्याकडे. दार उघडणारी माणसं निम्म्या वेळा माझ्या मागे जिन्यात बघतात, मेकॅनिक अजून वर यायचाय का म्हणून. त्या दिवशी वर्तकनगरला गायकवाडांच्या घरी लाँगआर्म लावायचं होतं.

लाँगआर्म म्हणजे गोधडी शिवायचं मोठं मशीन. आपल्या घरच्या मशीनवर सुई जागच्या जागी असते आणि आपण कापड सरकवतो. इथे उलटं. गोधडीचे थर लांबच लांब फ्रेमवर ताणून बांधायचे आणि दोन हँडल धरून मशीनच त्यांच्यावरून फिरवायचं. हे मशीन सहसा वर्कशॉपमध्ये जातं. घरातल्या खोलीत लावायची माझी ती पहिलीच वेळ.

गायकवाड काकूंना ते घरातच हवं होतं. काकू म्हणजे रिटायर्ड नर्स, सगळी नोकरी लेबर वॉर्डात. आई गेल्यावर तिची लुगडी काकूंकडे आली. त्यांच्या तीन गोधड्या करायच्या, दोघी बहिणींना एकेक आणि स्वतःला एक, असं त्यांनी ठरवलेलं. पहिली हाताने अर्धी शिवून झाली आणि उजव्या अंगठ्याचा सांधा गेला. डॉक्टरांनी सुई धरायची नाही म्हणून सांगितलं. अर्धी गोधडी दोन वर्षं तशीच घडी करून कपाटात पडलेली.

आणि काका म्हणजे रिटायर्ड ड्राफ्ट्समन. कारखान्यांचे नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मशीन बुक केल्यावर त्यांनी खोलीचा नकाशा काढला, स्केलवर, आणि दारावर चिकटवला. खोली तेरा बाय दहा. फ्रेम बारा फूट. भिंतीपासून एक फूट सोडून फ्रेम, मग काकूंना उभं राहायला अडीच फूट, आणि पलीकडच्या भिंतीला काकांचं ड्रॉइंग टेबल. नकाशात इंचाचीही चूक नव्हती. मी त्याच्याप्रमाणे काम केलं आणि त्याच्याप्रमाणेच अडकले.

"काकू," मी हाक मारली, "मला जरा बाहेर काढाल का?"

काकू आल्या. त्यांनी एका नजरेत परिस्थिती बघितली आणि चष्मा वर सरकवला. "फ्रेम उघडावी लागेल?"

"उघडली तर दोन तास परत जातील. खालून येते." खाली दोन आडव्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्याखाली दीड फुटाची फट. तिथे खोक्यांचा ढीग. काकांनी खोकी ओढून काढली. मी आडवी झाले, अर्धी गेले, आणि ड्रेस नटात अडकला.

"हलू नकोस," काकू म्हणाल्या. आवाज एकदम बदललेला. त्या खाली बसल्या. "श्वास घे. मान डावीकडे वळव. शाब्बास. आता हा खांदा आधी. घाई नको. दुसरा खांदा. आता आलीसच."

मी बाहेर आले. काकूंनी सवयीने माझ्या पाठीवर थोपटलं. काका म्हणाले, "चहा टाकू का?"

चहा घेताना मी विषय काढला. "काका, फ्रेमच्या मागे निदान अडीच फूट लागतील. दोरा ओवायला, तेल घालायला मागे जावं लागतं. डिझाइनही मागूनच चालवतात. तिथे कागदावरची नक्षी ठेवायची, लेझरचा लाल ठिपका रेषेवरून फिरवायचा, पुढे तीच नक्षी कापडावर उमटते."

"ड्रॉइंगप्रमाणे सगळं बसलंय," काका म्हणाले.

"मशीन बसलंय. माणूस बसत नाही."

"मग टेबल पुढून हलवलं तर?" काकू म्हणाल्या.

काकांनी कप खाली ठेवला. ते टेबल त्यांनी पहिल्या पगारातून केलेलं. सागवानी, तिरकं होणारं. गेली काही वर्षं त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत असायची. पण ते हलवायचं म्हटल्यावर काकांचा चेहरा असा झाला की मी बिस्किटाकडे बघत राहिले.

तावडे सरांना फोन लावला. "सोप्पं आहे," ते म्हणाले. "मधला तुकडा काढ, आठ फुटी करून टाक. दहा फुटी भिंतीशी आडवी लाव आणि मोकळी हो."

काका लगेच म्हणाले, "उत्तम. आठ फुटी करा."

काकू उठल्या. आत गेल्या आणि ती अर्धी गोधडी घेऊन आल्या. दोन लुगडी शेजारी शेजारी, मध्ये हिरवा काठ, कडेला हिरवा काठ. टाके इतके बारीक की मी हात लावायला बिचकले.

"ही किती रुंद बसेल आठ फुटीवर?" त्यांनी मला विचारलं.

मी टेप लावला. साडेसात फूट. "नाही बसणार. मशीनला दोन्ही बाजूंना जागा लागते. सहा फुटांपर्यंत जाईल. कडेचे काठ कापावे लागतील."

"काठ मी कापणार नाही," काकू म्हणाल्या. एवढंच, आणि गोधडी माझ्या मांडीवर ठेवून त्या कप धुवायला गेल्या.

आम्ही दोघं बसलो. खरं सांगते, मला डोंबिवली दिसत होती. पण तेव्हा आठ फुटी करून निघाले असते तर ती गोधडी परत कपाटात गेली असती.

"काका," मी म्हटलं, "नकाशात मागे एक माणूस काढून बघता का?"

"कुठला माणूस?"

"कोणीही. मी समजा."

काकांनी नकाशा दारावरून काढला, पेन्सिलीला टोक केलं. "खांदे किती?" मी टेपने मोजून सांगितले. त्यांनी वरून दिसतो तसा चालणारा माणूस काढला, भिंत आणि फ्रेमच्या मध्ये. माणसाचे खांदे भिंतीत आणि फ्रेममध्ये घुसले. त्यांनी खोडला, तिरका काढला. तरी एक खांदा भिंतीत. मग त्यांनी पट्टी लावून फट पुन्हा मोजली. माझं कोणी ऐकलं नसतं तरी चाललं असतं, पण स्वतःच्या पेन्सिलीचं त्यांना ऐकावंच लागलं.

"टेबल हॉलमध्ये जाईल," ते शेवटी म्हणाले. "सोफ्याच्या जागी."

"आणि सोफा?" आतून काकू.

"सोफा मला कधीच आवडला नव्हता."

टेबल आम्ही तिघांनी मिळून हलवलं. फ्रेम पुढे ओढली. मग काका आणि मी मशीनचं डोकं, म्हणजे चाकांवर फिरणारा सुईचा भाग, उचलून फ्रेमच्या रेलवर ठेवलं. ठेवलं, हात सोडला आणि ते आपलं आपणच खिडकीकडे चालायला लागलं, एखादी बाई ओटी भरायला निघाल्यासारखं शांतपणे.

स्पिरिट लेव्हल लावली, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी. बुडबुडा एका कडेला. फरशीला खिडकीच्या बाजूला उतार होता.

"तो मीच ठेवायला सांगितलेला," काका म्हणाले. "लादी पुसली की पाणी तिकडे जावं म्हणून."

फ्रेमच्या पायांना स्क्रू असतात, ते फिरवून उंची जुळवता येते. एरवी माझं अर्ध्या तासाचं काम. काकांनी पाना मागून घेतला आणि दीड तास लावला. पण बुडबुडा असा मधोमध आणला की मी ऑफिसला दाखवायला फोटो काढला.

संध्याकाळी काकूंनी हँडल धरलं. अंगठा लागत नाही, नुसता तळवा पुरतो. अर्धवट गोधडीवर पहिली ओळ वाकडी गेली, दुसरी कमी वाकडी. तिसरीनंतर त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या. डोंबिवलीला मी दुसऱ्या दिवशी गेले आणि दोघांचं ऐकून घेतलं, तावडे सरांचं आणि डोंबिवलीकरांचं.

चार महिन्यांनी सर्व्हिसिंगला गेले तेव्हा तिन्ही गोधड्या झालेल्या, काठासकट. दोन बहिणींकडे पोचल्याही होत्या. हॉलमध्ये टेबलावर काका मशीनसाठी नक्ष्या काढत बसलेले. वेली, कोयऱ्या, सगळं स्केलवर.

"काही तक्रार?" मी काकूंना विचारलं.

"मशीनची नाही," त्या म्हणाल्या. "तू मागे अडीच फूट जागा करून दिलीस ना, तिथे हे उभे राहतात. मी रेषेवरून किती हलले ते सांगायला."

आमच्या साइटच्या फॉर्मवर खोलीची लांबी, रुंदी आणि प्लग पॉइंट विचारतात. मी आता स्वतःचे दोन प्रश्न विचारते. खोलीत आधीपासून काय आहे, आणि ते कुणाचं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मी पाना बॅगेतून काढत नाही.